जुना कम्युनिकेटर घेताना काय तपासावे?

प्रश्न (लातूर): १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतील कम्युनिकेटरची (पात्रे एकमेकांशी बोलण्यासाठी वापरत त्या हातातल्या यंत्राची), ब्लूटूथने मोबाइलला जोडता येणारी, द वाँड कंपनीने २०१६ मध्ये आणलेली प्रतिकृती मला एका संग्राहकाकडून मिळत आहे. तिचे मोल कसे ठरवावे?

उत्तर (नांदेड): सर्वप्रथम जाळीचे झाकण उघडून पाहावे. ते मनगटाच्या हलक्या झटक्याने उघडून कॉल घेतला गेला, तर निम्मी परीक्षा तेथेच झाली असे मी मानतो, कारण या वस्तूचा सारा आनंद त्या हालचालीत आहे. नंतर घरच्यांशी पाच मिनिटे बोलून पलीकडे आवाज स्पष्ट पोहोचतो का, हे विचारावे. बॅटरीची मात्र मला खरी काळजी वाटते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज होऊन उष्णतेत पडून राहिली की लवकर क्षीण होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आवरण फुगलेले दिसल्यास घेऊ नये.

उत्तर (परभणी): सहमत आहे, तथापि चार्जिंगचा मूळ स्टँड सोबत नसेल, तर किंमत निश्चितच कमी करून मागावी.

प्रश्नकर्ता: स्टँड आहे. रविवारी प्रत्यक्ष बोलून पाहीन.