जंजिऱ्यापेक्षा दिवाडी बघा

दोन आणि पाच वर्षांच्या पोरांना घेऊन सोलापुरातून जंजिरा करायचा म्हणताय? होडीतून चढता-उतरतानाच तारांबळ उडते, आणि किल्ल्यात मुक्कामाची सोय नाही. त्यापेक्षा गोव्यातलं दिवाडी बेट बघा. मांडवी नदीतलं आहे, त्यामुळे समुद्रकिनारा नाही. पण भातशेती, जुनी घरं, निवांत रस्ते. जुन्या गोव्याहून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते, गाडीसकट! पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही. पोरं त्यातच रमतात, दोन-चार फेऱ्या माराच. विजापूर-बेळगावमार्गे जाणार असाल तर चोर्ला घाटात वळणं फार, त्याआधी पोरांना पोटभर खाऊ घालू नका. शुक्रवारी दुपारीच निघा, बेळगावला झोपा. शेंगाचटणी-कडक भाकरी सोबत असू द्याच, बेटावर हॉटेलं मोजकी.