मोटरहोमसाठी टीव्हीचा अँटेना कोणता घ्यावा?

घोडबंदरकर, ठाणे
नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या ट्रॅव्हलर गाडीचे मोटरहोम करण्याचे काम कासारवडवलीजवळच्या एका गॅरेजमध्ये सुरू आहे. प्रवासात आई-बाबाही सोबत असणार आहेत आणि बाबांना सह्याद्री वाहिनीवरच्या संध्याकाळच्या बातम्या चुकलेल्या चालत नाहीत. माळशेजच्या वळणांवर किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे केवळ इंटरनेटच्या भरवशावर राहायचे नाही. ऑनलाइन दुकानांत मोटरहोमच्या छतासाठी गोल, चपटे अँटेने दिसतात. ते चहूबाजूंनी सिग्नल पकडतात, असे त्यांचे वर्णन असते. गॅरेजचे मालक मात्र छतावर उपग्रहाची छत्री (डिश) कायमची बसवा म्हणतात. आतले अस्तर अजून लागलेले नाही, त्यामुळे भोक पाडायचे तर ते याच आठवड्यात पाडावे लागेल. काय करावे?

खारघर सेक्टर बारा
तो गोल अँटेना कृपया घेऊ नका. तो वस्तू म्हणून वाईट नाही, पण तो जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारे प्रक्षेपण पकडण्यासाठी बनवलेला असतो. युरोप-अमेरिकेत अशा मनोऱ्यांवरून पुष्कळ वाहिन्या फुकट मिळतात, म्हणून तिथल्या मोटरहोमवर तो शोभतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा आपल्याकडेही गच्चीवरचे अँटेने वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असत. परंतु दूरदर्शनने आपली जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि 2022पर्यंत त्यांतली बहुतेक थांबली. घाटापलीकडे त्या अँटेन्याला पकडायला फारसे काही उरलेले नाही. तुम्हाला छत्रीच हवी, आणि महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून मिळणारी मोफत सेवा, घ्यावी. सह्याद्री तिच्यावर आहे.

वायरिंगवाला, वाशी
वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण छत्री छतावर बसवण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. डीटीएच जोडण्याचेच काम करत असल्यामुळे कारण जरा सविस्तर सांगतो.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात आणि तो विषुववृत्ताच्या वर 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाण्यातून पाहिले तर तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे 131 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 57 अंश उंच दिसतो. एवढ्या उंचीमुळे सह्याद्रीचे कडे सहसा आड येत नाहीत. आड येतात ती झाडे. पंधरा मीटर उंचीचे झाड आग्नेयेला असेल, तर त्याच्या फांद्यांच्या कडेपासून छत्री किमान दहा मीटर लांब हवी, कारण ओली पाने हा सिग्नल सहज अडवतात. गाडी तर आपण उन्हामुळे नेमकी झाडाखालीच लावतो. गाडीला सावली हवी आणि छत्रीला उघडे आकाश, म्हणून दोघींना वेगळे ठेवणेच बरे. शिवाय छत्रीची दिशा एक-दोन अंशांनी हलली तरी चित्र तुटते, आणि आत कोणी चालले तरी स्प्रिंगवर उभी गाडी डुलतेच.

तेव्हा साठ सेंटिमीटरची साधी छत्री, घडीचा तिपाई स्टँड आणि पंधरा-वीस मीटर आरजी-6 केबल घ्या. तिपाईच्या मधोमध पाण्याचा भरलेला कॅन टांगला की ती वाऱ्याने सरकत नाही. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून चार पावले दूर धरून दिशा घ्या. ही छत्री ऑफसेट बनावटीची असते, म्हणजे तिची थाळी जेवढी वर पाहते असे वाटते त्याहून साधारण पंचवीस अंश अधिक वर पाहत असते. नवखा माणूस तिला हमखास आभाळाकडे जास्त झुकवतो. सेटटॉप बॉक्सवर सिग्नलची गुणवत्ता दाखवणारे पान उघडे ठेवून छत्री अगदी सावकाश फिरवा, प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, आणि चित्र आल्यावर शेवटी एलएनबी (थाळीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) तिच्या पकडीत थोडी डावी-उजवीकडे वळवून गुणवत्ता आणखी वाढते का ते पाहा. मुसळधार पावसात चित्र जाईल. त्याला कोणत्याच छत्रीचा इलाज नाही.

घोडबंदरकर, ठाणे
फार उपयोगी माहिती मिळाली, मनापासून आभार. घुमटाच्या आत स्वतःहून उपग्रह शोधणारी छत्री असते, ती घेतली तर आई-बाबांना बाहेर खटपट करावी लागणार नाही. तिच्याविषयी काय मत आहे? आणि टीव्ही थेट गाडीच्या बॅटरीवर चालेल का?

खारघर सेक्टर बारा
घुमटाची छत्री बरीच महाग असते आणि परदेशी बनावटीच्या अनेक छत्र्यांत तिकडचेच उपग्रह नोंदवलेले असतात. 93.5 अंश पूर्व हे स्थान त्या यादीत आहे की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. झाडाखाली तीही आंधळीच.

बारा व्होल्टवर चालणारा टीव्ही आणि तसाच सेटटॉप बॉक्स मिळतो, त्यामुळे इन्व्हर्टर टाळता येतो. मात्र चार्जिंग चालू असताना बॅटरीचा दाब 14 व्होल्टच्याही वर जातो, म्हणून मध्ये स्थिर बारा व्होल्ट देणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर अवश्य बसवा.

वायरिंगवाला, वाशी
भोकाचे राहिले. छताला हात लावू नका. गाडीच्या बाजूच्या पत्र्यावर, कमरेच्या उंचीला, झाकण असलेले केबलचे सॉकेट बसवून घ्या आणि त्याच्या कडेने सिलिकॉन भरा. बाहेरची केबल जोडताना ती सॉकेटच्या खाली एक झोळ देऊनच वर घ्या, म्हणजे केबलवरून वाहत येणारे पावसाचे पाणी त्या झोळाशीच गळून पडेल आणि आत शिरणार नाही.