‘आपोआप’ काहीच झालं नाही

मताधिकार काळाबरोबर आपोआप विस्तारत गेला, असं अनेकदा म्हटलं जातं. ‘आपोआप’ पटलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली बायकांच्या मताधिकारावर सार्वमत झालं. मत देणारे सगळे पुरुष, त्यांनी सरळ नकार दिला! राष्ट्रीय पातळीवर हा हक्क मिळाला १९७१ मध्ये, हा हक्क सगळ्यात आधी देणाऱ्या न्यूझीलंडनंतर ७८ वर्षांनी.

आणि नुसता हक्क असून भागत नाही. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मत चारचौघांत तोंडाने सांगावं लागे. जमीनदार समोर उभा असताना कूळ दुसऱ्याचं नाव घेणार कसं? घर-जमीन त्याच्याच हातात. म्हणून मला गुप्त मतदान हे मताधिकाराइतकंच मोठं पाऊल वाटतं. गंमत म्हणजे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारा इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल गुप्त मतदानाच्या विरोधात होता. मत ही समाजाने सोपवलेली जबाबदारी, ती उघडपणेच पार पाडावी, असं त्याचं म्हणणं. तात्त्विकदृष्ट्या सुंदर, पण कुळाच्या काय कामाचं?

अमेरिकेचंही तेच. १८७० च्या घटनादुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली, तर दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना रोखायला साक्षरता परीक्षा आणि मतदान कर काढले. त्या पळवाटा बऱ्याच अंशी बुजवायला १९६५ चा कायदा यावा लागला.