मुंबई ते न्यूयॉर्क: नकाशावरची सरळ रेषा आणि खरे अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर आहे, असे कुणी मांडले, तर ते सपाट नकाशावरच्या सरळ रेषेचे अंतर आहे. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र बृहद्वृत्ताच्या (म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या) कमानीवरून, आइसलँडजवळून जातो आणि तो साधारण १२,५३० किलोमीटर भरतो. घरातल्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मी दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो साडेएकोणतीस सेंटिमीटर निघाला; त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर, हे लक्षात घेतले की मेळ लगेच बसतो.

अक्षांश-रेखांशांवरून सूत्राने हे अंतर काढताना एक चूक हमखास होते. मुंबईचा विमानतळ ७२.८७ अंश पूर्वेला, तर न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ७३.७८ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागते आणि फरक १४६.६५ अंश येतो. त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरावी. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने पडणारी तफावत फार नाही. प्रत्यक्ष उड्डाण मात्र वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे याहून लांब पडते, म्हणून प्रवासाच्या वेळेचा अंदाज केवळ या आकड्यावरून बांधू नये, अशी माझी विनंती आहे.