मदत हवी आहे: टेलिस्कोप कोणता घेऊ? बजेट 40 हजार, लवकर सांगा

यवतेश्वरकर: नमस्कार मंडळी. देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ यांचे फोटो काढायचेत. लक्ष्मीपूजन उरकून, आईची बोलणी खाऊन कासला गेलो, अमावस्या असल्यामुळे आकाश मस्त काळंभोर होतं, पण फोटोत सगळ्या ताऱ्यांच्या शेवया झाल्या. 40 हजारात कोणता टेलिस्कोप बसेल तेवढंच सांगा, पुढच्या अमावस्येच्या आत घ्यायचाय.

कृष्णाकाठ: कॅमेरा कुठला? लेन्स? किती सेकंद?

गच्चीवरचे काका: डोळे झाकून आठ इंची डॉब्सोनियन घे. शनीची कडी बघायला लागली की शेजारची पोरं जेवायला जात नाहीत आमच्याकडून.

कृष्णाकाठ: काका, त्याला फोटो काढायचेत हो. डॉब हाताने ढकलत बघायचा, त्यावर शटर बराच वेळ उघडं ठेवून लांब एक्स्पोजर कसं घेणार?

गच्चीवरचे काका: आधी डोळ्यांनी आकाश ओळखावं, मग फोटो. हल्ली सगळ्यांना स्टेटसला टाकायची घाई.

यवतेश्वरकर: कॅमेरा साधाच आहे हो, मी टेलिस्कोप विचारलाय.

कृष्णाकाठ: साधा म्हणजे मोबाईल का?

यवतेश्वरकर: नाही, कॅनन 1300डी. किट लेन्स आणि 75-300 आहे. 300 लाच ठेवली होती, 30 सेकंद.

कृष्णाकाठ: अरे देवा, हे आधी सांगायचं की! तुझ्या सेन्सरसाठी फोकल लेंथला 1.6 ने गुण आणि त्याने 500 ला भाग, येतील तेवढेच सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात. 300 ला जेमतेम एक येतो आणि तू दिलेस तीस. टेलिस्कोप म्हणजे याहून लांब लेन्स, शेवया अजून लांब. सेकंडहँड 50 एमएम 1.8 लेन्स घे, अ‍ॅपर्चर 2.8 वर ठेव, सहा-सहा सेकंदांचे दोन-तीनशे फोटो रॉमध्ये (जेपीजी न करता, कच्च्या फाईलमध्ये) काढ, तारे सरकतील तशी फ्रेम परत जुळव, शेवटी लेन्सला झाकण लावून वीसेक डार्क, म्हणजे नुसते काळे फोटो घे, त्याने सेन्सरचे खोटे ठिपके वजा होतात, आणि सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकावर एक रचून (स्टॅक) एक फोटो कर. सिरिल फुकट आहे. उरलेले पैसे ट्रॅकरला, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राला ठेव.

मिरजेचा सुतार: ट्रॅकर कशाला विकत? दोन फळ्या, एक बिजागरी आणि एम6 बोल्ट. बोल्ट बिजागरीपासून 229 मिमीवर बसवायचा, मिनिटाला एक फेरा फिरवायचा, कॅमेरा बसवलेली वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. बिजागरीचा आस तेवढा ध्रुवाकडे पाहिजे. 50 एमएमला मिनिटभर आरामात जातं.

कृष्णाकाठ: हाताने फिरवताना थरथर होते ती? आणि आपल्याकडे ध्रुव साडेसतरा-अठरा अंशांवरच, उत्तरेला डोंगर आला की गायब.

मिरजेचा सुतार: मी दोन वर्षं हेच वापरतोय. ज्याला जमत नाही त्याने विकत घ्यावं.

रानफूल: चाळकेवाडीला जाऊ नका, पवनचक्क्या फ्रेममध्ये येतात. आणि कासला रात्री थांबू देतात का ते आधी विचारा, आम्हाला परत पाठवलं होतं.

फलटणचा पावणा: चंद्र मोबाईलवर पण छान येतो, प्रो मोडला आयएसओ 100 ठेवा.

कृष्णाकाठ: चंद्र कोणी विचारलाय?

आकाशवेडी: विषय निघालाच आहे तर, मृगातला तेजोमेघ नक्की कुठे दिसतो? मला दरवेळी फक्त तीन तारेच सापडतात.

मिरजेचा सुतार: त्या तिघांच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची छोटी उभी रांग आहे, तिच्या मधला धुरकट ठिपका. यवतेश्वरकर, तू पण सुरुवात तिथूनच कर, चांगला तेजस्वी आहे. आणि लेन्सवर दव बसतंय का बघत राहा, माझी एक अख्खी रात्र त्यात गेलीय.

यवतेश्वरकर: बोल्ट आणला, बिजागरी जुन्या कपाटाची काढली. आई परत बोलली. ते 229 बिजागरीच्या पिनपासून मोजायचं का फळीच्या टोकापासून?

मिरजेचा सुतार: पिनच्या मध्यापासून. आणि बिजागरी हलवून बघ, खुळखुळत असेल तर नवीन घे.

गच्चीवरचे काका: एवढ्या खटाटोपात माझा डॉब लावून दोन मिनिटांत शनी बघून झाला असता.