आधी दोन-तीनच घ्या
एकदम चोवीस कापडी डायपरचा सेट घेऊ का, असं विचारलंयस. नको गं! आधी वेगवेगळे दोन-तीनच घे. मांडीशी नीट बसतो की गळतो, ते बाळागणिक बदलतं. पहिला महिनाभर आजीच्या जुन्या सुती साडीचे लंगोटच बरे, दिवसाला दहा-बारा सहज लागतात.

खरी परीक्षा मुंबईच्या पावसाळ्यात. आमच्या दादरच्या खोलीत जाड इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या आत ठेवायच्या शोषून घेणाऱ्या घड्या, पंख्याखाली दोन-दोन दिवस दमटच! म्हणून घडी घालायची सुटी सुती कापडं घे, पटकन वाळतात. नवी कापडं आधी चार-पाचदा धू, मगच नीट शोषतात. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने शोषणं कमी होतं. रात्री मात्र आम्ही वापरून फेकायचा विकतचाच डायपर लावतो, खोटं कशाला सांगू!