पंप कोणी चालू ठेवला असावा?

ए-४०१ सेक्रेटरी, स. ८:१२
सुप्रभात. काल रात्री वरची टाकी ओव्हरफ्लो होऊन बी विंगच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये पाणी शिरलं. लिफ्ट बंद आहे. मेकॅनिक येतोय. सिक्युरिटी एजन्सीला मेल टाकतोय, त्यांच्या हेड ऑफिसला इंग्रजीतच लागतं. मसुदा बघून घ्या:
“युअर गार्ड मस्ट हॅव टू स्विच ऑफ द पंप ॲट १० पीएम. ही वुड हॅव स्लेप्ट. सो वॉटर मस्ट हॅव ओव्हरफ्लोड.”

बी-६०२, ८:१४
पाठवा 👍 दुधाच्या पिशव्या घेऊन सहा मजले चढलोय. अजून कडक लिहा.

ए-१०२ बाई, ८:१७
थांबा जरा. कडक नंतर करू, आधी बरोबर करू.

ए-४०१ सेक्रेटरी, ८:१८
बाई, चुकलं कुठे? मस्ट हॅव घातलंय की.

ए-१०२ बाई, ८:२४
दोनदा घातलंय, आणि दोन्हीकडे नको होतं. तुम्हाला म्हणायचंय “गार्डने पंप बंद करायला हवा होता”. त्याला “शुड हॅव स्विच्ड ऑफ”. करायला हवं होतं आणि केलं नाही, दोन्ही त्यातच आलं. ‘टू’ काढून नुसतं “मस्ट हॅव स्विच्ड ऑफ” लिहिलंत तर अर्थ उलटाच: त्याने बंद केलाच असणार! म्हणजे तक्रारीच्या पत्रात तुम्हीच त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिलात.
आणि पाणी वाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. जिन्यावरून धबधबा येत होता. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मस्ट हॅव कशाला? “द टँक ओव्हरफ्लोड.” संपलं.

बी-६०२, ८:२६
पण “वुड हॅव स्लेप्ट” बरोबर आहे ना बाई? झोपला असेल. आमच्या ऑफिसात सर्रास लिहितात, “ही वुड हॅव रीच्ड बाय नाऊ”.

ए-१०२ बाई, ८:३३
तिथेच आपण सगळे घसरतो. घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज करायलासुद्धा आपण भविष्यकाळ घेतो. ‘पोहोचला असेल’, ‘झोपला असणार’. त्यामुळे हात आपोआप विल-वुडकडे जातो. आपल्या ऑफिसात चालतं, कारण वाचणाराही आपल्यातलाच. पण परक्या माणसाने “ही वुड हॅव स्लेप्ट” वाचलं की तो पुढच्या ‘इफ’ची वाट बघत बसतो. त्याच्या लेखी ते ‘झोपला असता’ आहे. झोपला असता, पण डासांनी झोपू दिलं नाही, असं काहीतरी.
‘कदाचित झोप लागली असेल’ याला “मे हॅव” किंवा “माइट हॅव फॉलन अस्लीप”. ‘झोपलाच असणार’ याला “मस्ट हॅव”. आणि ‘झोपला असणं शक्यच नाही’ याला “कान्ट हॅव”. मस्टचा नकार मस्टन्ट करू नका, अंदाजात तो कान्ट होतो.

सी-२०३ वकील, ८:३५
कुड हॅव?

ए-१०२ बाई, ८:३७
ते दुतोंडी आहे वकीलसाहेब. “ही कुड हॅव कॉल्ड अस.” फोन केला असेलही, किंवा करता आला असता पण केला नाही. मागचंपुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. तक्रारीत घालू नये. (तुमच्या धंद्यात घालत असतील 😄)

बी-३०४ काका, ८:४०
त्यापेक्षा आपला ‘असावा’ बरा. पेपरात येतं तसं, “चोरटे मागच्या दाराने शिरले असावेत”. पोलीस खूश, चोर पण खूश.

ए-१०२ बाई, ८:४६
काका, तो ‘असावा’ मस्टचा सख्खा भाऊ आहे! “गार्डने पंप बंद करावा” हे कर्तव्य. “गार्डने पंप बंद केला असावा” हा अंदाज. विध्यर्थ तोच, कामं दोन. इंग्रजीत “ही मस्ट स्विच इट ऑफ” हे कर्तव्य, “मस्ट हॅव स्विच्ड इट ऑफ” हा अंदाज. आपला असावा स्वभावाने मवाळ, मस्ट हॅव ठाम, एवढाच फरक. मात्र कर्तव्य भूतकाळात गेलं की मस्ट तिथे येत नाही, ‘हॅड टू’ येतं. सेक्रेटरींनी दोघांचं लग्न लावून ‘मस्ट हॅव टू’ केलं.

बी-५०३ (दहावीवाली), ८:४८
आजी, गेमच्या चॅटवर अमेरिकन मुलं ‘हॅव’च्या जागी ओ-एफ लिहितात, मस्टच्या पुढे. ते चालतं?

ए-१०२ बाई, ८:४९
नाही. बोलताना हॅवचं नुसतं ‘अव्ह’ उरतं, ते त्या ओ-एफवाल्या शब्दासारखंच ऐकू येतं आणि तसंच लिहिलं जातं. त्यांची मातृभाषा आहे, त्यांना कोणी मार्क कापत नाही. तुझे कापतील. आणि शाळेच्या वेळेत गेम??

सी-१०१ खजिनदार, ८:५५
मी खाली आहे. वहीत १०:०५ ला “पंप बंद”, सही आहे. कॅमेऱ्यात १०:०४ ला गार्ड पंपरूमकडे जाताना दिसतो, १०:०७ ला परत गेटवर.

बी-६०२, ८:५६
मग कान्ट हॅव स्लेप्ट!

सी-२०३ वकील, ८:५८
दहा वाजता नव्हता झोपला, एवढंच. आणि पंपरूमच्या आत कॅमेरा नाही. त्यामुळे बंद केला हे सिद्ध नाही, “मस्ट हॅव स्विच्ड इट ऑफ” इतकंच.

ए-१०२ बाई, ८:५९
वकीलसाहेब, पैकीच्या पैकी.

सी-१०१ खजिनदार, ९:०१
मग नंतर कोणीतरी परत चालू केला असणार.

सी-२०३ वकील, ९:०३
काल रात्री ११:२० ला ग्रुपवर एक मेसेज डिलीट झालाय. बी-७०१.

बी-३०४ काका, ९:०४
काय लिहिलं असावं बरं 🤔

बी-७०१ वहिनी, ९:१५
मीच. घरी पाहुणे होते, नळाला थेंब नव्हता. “पंप लावू का” म्हणून विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. मग ह्यांना खाली पाठवलं. गार्ड राउंडला गेला होता, किल्ली खिळ्यालाच असते. नंतर डोळा लागला आमचा. खरंच सॉरी सगळ्यांना.

सी-१०१ खजिनदार, ९:१७
वहिनी, दहाला टाकी भरलेली होती, वहीत आहे. तुमच्या लाइनीत हवा धरली असेल.

ए-१०२ बाई, ९:१९
म्हणजे “दे नीडन्ट हॅव स्विच्ड इट ऑन”. गरज नव्हती, तरी लावला. “डिडन्ट नीड टू” म्हटलं तर लावला की नाही ते गुलदस्त्यात राहतं. वहिनी, मनाला लावून घेऊ नका, उदाहरण फार चांगलं मिळालं.

बी-३०४ काका, ९:२४
एक विचारतो. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट मार्चपासून खराब आहे. मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं, कोटेशनही आलं होतं. द कमिटी शुड हॅव रिपेअर्ड इट. बाई, बरोबर आहे का इंग्रजी?

ए-१०२ बाई, ९:२५
एकही चूक नाही काका.

ए-४०१ सेक्रेटरी, ९:४०
एजन्सीला मेल पाठवत नाही. फ्लोटवाल्याला फोन केला आहे. लिफ्ट सुरू झाली की कळवतो.